वर्तुळाची त्रिज्या : जर्मन ‘क्राइस’ आणि मोठेपणाचा हट्ट

मराठीत जर्मनीविषयी बरेच लिहिले गेले आहे. हिटलर, बर्लिनची भिंत, मोटारींचे कारखाने, कांट आणि मार्क्स यांना आपल्या ग्रंथालयांत भरपूर जागा मिळाली. पण हा देश रोजच्या रोज चालतो कसा? कचरा कोण उचलतो, मोटारीला नंबर कोण देतो, आईबापांनी टाकलेल्या मुलाची जबाबदारी कोणावर येते, नोकरीसाठी गेलेल्या आपल्या मुलामुलींना निवासाचा परवाना कोणत्या कचेरीत मिळतो? याविषयी एखाददुसरे वाक्य असते आणि त्यात हटकून ‘जिल्हा’ हा शब्द येतो. ‘लांटक्राइस’ या जर्मन संज्ञेचे ते भाषांतर. शब्दकोशाच्या दृष्टीने त्यात काही वावगे नाही. मात्र जिल्हा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कलेक्टर कचेरी, तिचे दगडी आवार आणि वरून नेमून आलेला अधिकारी उभा राहतो. जर्मन माणसाच्या डोळ्यांपुढे यातले काहीच येत नाही.

‘क्राइस’ म्हणजे वर्तुळ. ‘लांट’ म्हणजे शहराबाहेरचा मुलूख. काही गावांनी मिळून आखलेले वर्तुळ, असा त्या शब्दाचा घाट आहे. हे वर्तुळ किती मोठे काढावे, त्रिज्या कोणी ठरवावी आणि मोठे काढल्याने खरोखर काय साधते, यावर गेली साठ वर्षे जर्मनीत वाद चालू आहे. तो मंत्रालयांत झाला, न्यायालयांत झाला, एका गावात तर पोलिसांच्या तुकड्यांसमोर झाला. प्रशासकीय घटक जितका मोठा तितका तो सक्षम आणि स्वस्त, या मताची तपासणी या लेखात करायची आहे. हे मत दिसते सरळ, पण त्याच्या पोटात बरेच काही दडलेले आहे.

आधी आजचे चित्र थोडक्यात सांगतो. जर्मनीत १६ राज्ये आहेत. त्यांपैकी बर्लिन, हॅम्बुर्ग आणि ब्रेमेन ही नगरराज्ये. राज्यांच्या खाली २९४ क्राइस आणि १०६ ‘क्राइसमुक्त’ शहरे, म्हणजे कोणत्याही क्राइसात न मोडणारी, क्राइसाची कामेही स्वतःच करणारी शहरे. दोन्ही मिळून बरोबर ४००. त्याखाली गाव किंवा नगर, ज्याला ‘गेमाइंड’ म्हणतात. त्यांची संख्या पावणेअकरा हजारांच्या आसपास. बव्हेरिया, बाडेन-व्युर्टेमबेर्ग, हेसन आणि नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया या चार मोठ्या राज्यांत राज्य आणि क्राइस यांच्यामध्ये ‘रेगीरुंग्सबेझिर्क’ नावाचे आपल्या महसुली विभागासारखे एक मजलेही आहे. इतर राज्यांनी ते काढून टाकले, नाहीतर त्यांच्याकडे ते नव्हतेच.

सगळीकडे एकच साचा असेल अशी जर्मनांविषयी आपली समजूत असते. इथे तिला मोठा धक्का बसतो. सुमारे पावणेदोन कोटी लोकवस्तीच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात गेमाइंडांची संख्या ३९६. त्याला लागूनच असलेल्या ऱ्हाइनलँड-पॅलाटिनेटमध्ये लोकसंख्या सुमारे ४१ लाख, आणि गेमाइंड सुमारे २,३००! पहिल्या राज्यात गेमाइंड म्हटले की एक छोटे शहर समजावे; दुसऱ्यात दोनतीनशे माणसांचे, मानद गावप्रमुख असलेले, चर्चच्या मनोऱ्याखालचे खेडे. अशा खेड्यांची कागदोपत्री कामे सांभाळण्यासाठी त्यांचा एक गट करतात. या गटाला एका राज्यात ‘फेरबांट्सगेमाइंड’ म्हणतात, दुसऱ्यात ‘झाम्टगेमाइंड’, तिसऱ्यात नुसते ‘आम्ट’. गट झाला तरी गावाची स्वतःची निवडून आलेली समिती आणि स्वतःचे अंदाजपत्रक शाबूत राहते. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे सगळा वाद याच फरकाभोवती फिरतो: एकत्र येऊन काम करणे वेगळे आणि एकात विरघळणे वेगळे.

क्राइसाच्या प्रमुखाला ‘लांटराट’ म्हणतात. बहुतेक राज्यांत तो थेट मतदारांकडून निवडला जातो. बाडेन-व्युर्टेमबेर्ग आणि श्लेसविग-होल्श्टाइनमध्ये त्याला ‘क्राइसटाग’ ही निवडलेली सभा नेमते. गंमत अशी की हा निवडून आलेला माणूस अनेक राज्यांत त्याच खुर्चीवर बसून राज्य सरकारचा कनिष्ठ अधिकारी म्हणूनही काम करतो. गेमाइंडांवर कायदेशीर देखरेख ठेवतो तेव्हा तो राज्याचा, कचऱ्याचा दर ठरवतो तेव्हा क्राइसाचा. आपल्याकडे जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष यांच्यातील सुप्त ओढाताण ज्यांनी पाहिली आहे त्यांनी क्षणभर कल्पना करावी, की ही दोन्ही माणसे एकच आहेत आणि त्याला मत देऊन बसवले आहे. ‘लांटराट म्हणजे जिल्हाधिकारी’ असे लिहिणाऱ्याने अर्धेच सांगितलेले असते.

पैशाचे गणितही उलटे आहे. गेमाइंडांकडे स्वतःचे कर आहेत: जमीनजुमल्यावरचा कर, धंद्यावरचा कर आणि प्राप्तिकरातला १५ टक्के वाटा. धंद्याच्या कराचा दर गेमाइंड स्वतः ठरवते. क्राइसाकडे मात्र नाव घेण्याजोगा कर नाही. तो आपल्या पोटातल्या गेमाइंडांकडून दरवर्षी ‘उमलागं’ म्हणजे वर्गणी गोळा करतो. म्हणजे मोठ्याचा डबा छोट्यांकडून भरून येतो, आणि दर वर्षी अंदाजपत्रकाच्या मोसमात नगराध्यक्ष आणि लांटराट यांच्यात जुंपते. मला स्वतःला ही व्यवस्था शहाणपणाची वाटते. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याला तोंड द्यावे लागणे ही चांगलीच गोष्ट आहे.

या रचनेचे मूळ १९ नोव्हेंबर १८०८ च्या प्रशियन नगरकायद्यात शोधण्याची प्रथा आहे. १८०६ साली नेपोलियनने प्रशियाचा धुव्वा उडवला, पुढच्या वर्षी टिल्झिटच्या तहात निम्मे राज्य गेले, खजिना रिकामा झाला. मंत्री बॅरन फोम श्टाइन याने तेव्हा शहरांचा कारभार निवडलेल्या नागरी सभांकडे सोपवला. त्याचा पुतळा करून त्याच्यापुढे नारळ फोडणारे लेखन जर्मनीत पुष्कळ आहे. पण त्या कायद्यात खेडी नव्हती. खेड्यांत जमीनदाराचीच पोलिसी सत्ता चालू राहिली, ती थेट १८७२ पर्यंत. त्या वर्षीच्या क्राइस-कायद्याने ती काढून घेतली, तेव्हा प्रशियाच्या वरिष्ठ सभागृहातल्या सरदारांनी इतका विरोध केला, की विधेयक मंजूर होण्यासाठी राजाला २५ नवे सभासद नेमावे लागले. पूर्व प्रांतांतल्या खेड्यांना स्वतःचा कायदा मिळायला तर १८९१ उजाडले. म्हणजे आज ज्याला आपण क्राइसातली लोकशाही म्हणतो ती कोण्या उदार मंत्र्याच्या एका सहीने आली नाही. जमीनदारांच्या हातून ती तुकड्यातुकड्याने सोडवून घ्यावी लागली. आणि १९३५ च्या नाझी गेमाइंड-कायद्याने ती एका फटक्यात परत नेली. नगराध्यक्ष निवडायचा नाही, नेमायचा, आणि समितीने फक्त सल्ला द्यायचा.

हा अनुभव गाठीशी होता म्हणून १९४९ च्या राज्यघटनेत २८ वे कलम आले. स्थानिक समाजाचे सर्व प्रश्न कायद्याच्या चौकटीत आणि स्वतःच्या जबाबदारीवर सोडवण्याचा गेमाइंडांचा हक्क त्यात मान्य केला आहे. या कलमातले एक वाक्य मला फार आवडते: गेमाइंडमध्ये निवडलेल्या मंडळाऐवजी गावसभाही चालेल, असे ते म्हणते. पण या कलमात एक फट आहे, आणि पुढचा सगळा इतिहास त्या फटीतून आत आला. घटना गेमाइंड या संस्थेला संरक्षण देते, अमुक एका गावाला देत नाही. सार्वजनिक हिताचे कारण दाखवले आणि गावाचे म्हणणे ऐकून घेतले, की राज्य कायदा करून ते गाव नकाशावरून पुसू शकते.

१९६५ नंतर नेमके हेच झाले. पश्चिम जर्मनीत २४ हजारांहून अधिक गेमाइंड होत्या. १९८० च्या सुमारास साडेआठ हजार उरल्या. सव्वाचारशे क्राइस होते ते २४० च्या आत आले. बव्हेरियात १ जुलै १९७२ रोजी एका दिवसात १४३ क्राइसांचे ७१ झाले. हेसनमध्ये २,६०० च्या वर गेमाइंड होत्या, त्या चारशेच्या थोड्या वर राहिल्या. हे सर्व शांततेच्या काळात, निवडून आलेल्या सरकारांनी, बहुतेक ठिकाणी डाव्या-उजव्या दोन्ही पक्षांच्या संमतीने केले.

यामागचा विचार समजून घेतला पाहिजे, कारण तो मूर्खपणाचा नव्हता. मोटार आली होती. शेतीवर जगणारी माणसे कमी झाली होती. प्रत्येक पालकाला मुलासाठी माध्यमिक शाळा हवी होती, जलतरण तलाव हवा होता, सांडपाण्याचे शुद्धीकरण हवे होते, आणि चारशे माणसांच्या गावाला यातले काही परवडत नव्हते. श्पायरच्या प्रशासन-विद्यापीठाशी निगडित असलेल्या फ्रिडो वागेनर यांचा ‘नॉयबाउ डेअर फेरवाल्टुंग’ हा ग्रंथ १९६९ साली आला. नावाचा अर्थ ‘प्रशासनाची नवी बांधणी’. कोणत्या कामासाठी किती लोकसंख्येचा घटक सर्वांत योग्य, हे मोजून काढण्याचा तो प्रचंड खटाटोप होता. शाळेला इतकी माणसे, रुग्णालयाला इतकी, अग्निशमन दलाला इतकी. सगळ्या आकड्यांची बेरीज-सरासरी करून आदर्श क्राइस आणि आदर्श गेमाइंड. सुधारणावाद्यांच्या हातात जणू पंचांग आले.

त्याच्याही मागे आणखी एक पुस्तक आहे. वाल्टर क्रिस्टालर या भूगोलतज्ज्ञाने १९३३ साली दक्षिण जर्मनीतल्या ‘केंद्रस्थानां’वर प्रबंध प्रसिद्ध केला. बाजाराचे गाव, त्याभोवती लहान गावे, त्यांच्याभोवती आणखी लहान, असा मधाच्या पोळ्यासारखा षट्कोनी नकाशा त्याने मांडला. वसाहतीच्या भूगोलात त्याचे मोल मोठेच आहे. पण क्रिस्टालर जे आहे त्याचे वर्णन करत होता. वर्णनाचा नमुना एकदा हातात आला की जे नमुन्यात बसत नाही ते चुकलेले आहे असे वाटू लागते. स्वतः क्रिस्टालरने दुसऱ्या महायुद्धात हिमलरच्या अखत्यारीतल्या योजना-कार्यालयात बसून व्यापलेल्या पोलंडच्या भूमीवर असे षट्कोन आखून दिले. १९७० च्या सुधारणांना मी त्या पापात ओढत नाही. ते अन्यायाचे होईल. पण कागदावरच्या आकृतीला माणसांच्या संमतीची गरज वाटत नाही, एवढे या उदाहरणावरून दिसते.

आकृती जमिनीवर उतरली तेव्हा काय झाले? हेसनमधल्या गीसन आणि वेत्स्लार या दोन शहरांची कथा पाहू. अंतर पंधरा किलोमीटरच्या आत, दोन्ही लान नदीकाठी. गीसन विद्यापीठाचे गाव. वेत्स्लार जुन्या साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे. तरुण गटे १७७२ साली तिथे उमेदवारीला होता, आणि पुढे लायका कॅमेरे तिथेच जन्मले. राज्य सरकारला फ्रँकफुर्टच्या उत्तरेला एक मोठे केंद्रशहर हवे होते. म्हणून १ जानेवारी १९७७ रोजी ही दोन शहरे आणि आसपासच्या चौदा गेमाइंड मिळून एक शहर झाले. नाव काय द्यायचे? कोणत्याही एका शहराचे दिले तर दुसरे रुसणार. म्हणून नदीचेच दिले: लान. अनेक शतकांची दोन नावे पुसून गेली. मार्चमधल्या स्थानिक निवडणुकीत सत्ताधारी सोशल डेमोक्रॅट पक्षाला मतदारांनी जबर धडा दिला आणि ३१ जुलै १९७९ रोजी लान शहर विसर्जित झाले. वय अडीच वर्षे. मोटारींच्या पाट्यांवर या शहरासाठी आणलेले ‘एल’ हे अक्षर मात्र तिथल्या क्राइसाकडे आणखी काही वर्षे राहिले. जर्मनीच्या एकीकरणानंतर ते लाइपझिगला मिळाले.

नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात न्यायालय मध्ये पडले. ग्लाडबेक, बोट्रोप आणि किर्शहेलन या तिघांना एक करण्याचा बेत होता. लोकांनी तिन्ही नावांची पहिली अक्षरे जुळवून त्याला ‘ग्लाबोत्की’ असे चिडवायचे नाव दिले. मोनहाइम हे ऱ्हाइनकाठचे गाव १९७५ च्या आरंभी ड्युसेलडॉर्फच्या पोटात घातले गेले. म्युन्स्टरच्या घटना-न्यायालयाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात दोन्ही बाबतींत राज्याला चूक ठरवले, आणि १ जुलै १९७६ ला मोनहाइम पुन्हा मोनहाइम झाले. या मोनहाइमने २०१२ पासून धंद्याच्या कराचा दर खाली खाली आणून कंपन्या ओढल्या आणि काही काळ खजिना भरभरून वाहवला. शेजारच्या गावांनी त्यावर कडवट टीका केली, आणि तीही रास्त होती. माझे कर कमी म्हणजे तुझे उद्योग माझ्याकडे. स्थानिक स्वायत्ततेची ही बाजू तिच्या चाहत्यांनी लपवू नये.

पण सगळ्यांत बोलके उदाहरण एर्मर्सहाउझनचे. बव्हेरियाच्या उत्तर टोकाला, पूर्व जर्मनीच्या तत्कालीन सरहद्दीलगत, सहासातशे वस्तीचे हे गाव. १९७८ च्या वसंतात राज्याने ते शेजारच्या मारोल्ड्सवाइझाखमध्ये विलीन केले. गावाचा विरोध होता. कागदपत्रे हलवायची वेळ आली तेव्हा गावकऱ्यांनी गावकचेरी अडवून धरली. १९ मे १९७८ च्या पहाटे शेकडो पोलीस गावात शिरले, कचेरी मोकळी केली आणि दप्तर घेऊन गेले. गावातल्या प्रत्येक माणसामागे अर्धा पोलीस म्हणावा असा तो प्रकार. कशासाठी? काही फायलींची कपाटे तीनचार किलोमीटरवर नेण्यासाठी! इथे कोणी कर बुडवला नव्हता, शस्त्र उपसले नव्हते. लोकांची मागणी एवढीच, की आमच्या गावचा कारभार आम्ही करू, आणि घटनेच्या २८ व्या कलमात तेच लिहिले होते. गावाने पुढे पंधराहून अधिक वर्षे हेका सोडला नाही. १ जानेवारी १९९४ रोजी एर्मर्सहाउझन पुन्हा स्वतंत्र गेमाइंड झाले आणि आजही आहे. कागदी कामासाठी ते शेजाऱ्यांबरोबर गटात आहे, म्हणजे पहिल्या दिवशीच जे देता आले असते तेच शेवटी दिले.

सुधारणावाद्यांचा यावर ठरलेला प्रतिवाद आहे: भावना समजतात, पण हिशेब पाहा. तर हिशेब पाहू. पूर्वेकडच्या राज्यांनी एकीकरणानंतर एकदा आणि शतक उलटल्यावर दुसऱ्यांदा क्राइस मोठे केले. साक्सोनीत १ ऑगस्ट २००८ रोजी २२ क्राइसांचे १० झाले आणि क्राइसमुक्त शहरे ७ वरून ३ वर आली. ड्रेस्डेनच्या इफो संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ फेलिक्स र्योझेल यांनी नंतर या विलीनीकरणाचा खर्च तपासला. खर्चात बचत आढळली नाही. त्यांनी आणि झेबास्टियान ब्लेस यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ साली घेतला, त्याचाही सूर असाच आहे: बचतीचा भरवसा नाही, आणि लोकसहभाग मात्र घटण्याकडे कल. ज्या आकड्यांच्या बळावर गावांची नावे पुसली ते आकडेच उभे राहत नाहीत. कारण समजायला अर्थशास्त्र लागत नाही. दोन कचेऱ्या एक केल्या की एक लांटराट वाचतो, पण सामाजिक मदत घेणारी कुटुंबे, रस्त्यांची लांबी आणि शाळेच्या बसचे अंतर तेवढेच राहते. वर इमारती नव्या, संगणक-प्रणाली नवी, आणि पगार दोहोंतल्या जास्तीच्या पातळीवर.

या वादातला सर्वांत विचार करायला लावणारा कागद माझ्या मते २६ जुलै २००७ चा आहे. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्याने १२ क्राइस आणि ६ क्राइसमुक्त शहरे गुंडाळून त्यांचे पाच अवाढव्य क्राइस करण्याचा कायदा केला होता. ग्राइफ्सवाल्डच्या राज्य घटना-न्यायालयाने तो रद्द केला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे: क्राइस ही नुसती काम उरकण्याची यंत्रणा नाही, ती नागरिकांच्या सहभागाची जागा आहे. क्राइसटागचे सभासद मानद असतात. दिवसा ते शिक्षक, शेतकरी, परिचारिका, सुतार. संध्याकाळी बैठकीला जाऊन रात्री घरी परतता येईल आणि आपण ज्यावर मत देतो तो प्रदेश स्वतः ओळखता येईल, एवढा तो आटोपशीर हवा. विधिमंडळाने कार्यक्षमतेचा विचार केला आणि या दुसऱ्या बाजूचा, तसेच सौम्य पर्यायांचा, पुरेसा केला नाही. म्हणून कायदा घटनाविरोधी.

आपल्या वाचकाला इथे हसू येण्याचा संभव आहे. राज्याने नंतर थोडे नमते घेऊन ४ सप्टेंबर २०११ पासून सहा क्राइस आणि दोन क्राइसमुक्त शहरे केली. त्यांतला मेक्लेनबुर्ग सरोवर-प्रदेश हा क्राइस जर्मनीतला सर्वांत मोठा, साडेपाच हजार चौरस किलोमीटरच्या जवळ. झारलँड या संपूर्ण राज्याच्या दुपटीहून मोठा, आपल्या गोव्याच्या दीडपट. पण महाराष्ट्रातल्या जिल्ह्याची सरासरीच साडेआठ हजार चौरस किलोमीटर भरते, आणि अहिल्यानगर तर सतरा हजारांच्या घरात. मग साडेपाच हजारांत एवढा आकांत कशाला? भाषांतर इथेच दगा देते. आपला जिल्हा हा मुळात राज्याचा हात आहे. हात लांब असला तरी चालतो. क्राइस ही मुळात शेजाऱ्यांची सभा आहे, आणि सभेला यावे लागते. न्यायालयाने चौरस किलोमीटर मोजले नाहीत, नोकरी सांभाळून सभेला येणाऱ्या बाईची संध्याकाळ मोजली. आपल्याकडे जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून आहेत. त्यांच्या सभासदाला सभेच्या दिवशी किती अंतर तोडावे लागते, हा मुद्दा कोणा न्यायाधीशापुढे गेलेला माझ्या वाचनात नाही.

अर्थात हा विजय अर्धाच. २०११ चा दुसरा कायदा त्याच न्यायालयाने मान्य केला. मतदारांना नव्या क्राइसांची नावे मतपेटीतून निवडायला दिली, सीमा नव्हे. बारसे तुम्ही करा, मूल कोणाचे ते आम्ही ठरवू, असा तो मामला. पण वारे फिरले होते. २०१७ साली थुरिंगियाचा क्राइस-सुधारणेचा पायाभूत कायदा तिथल्या घटना-न्यायालयाने कार्यपद्धतीतल्या दोषामुळे रद्द केला, आणि ब्रांडेनबुर्गच्या मुख्यमंत्र्यांनी नोव्हेंबरात आपली योजना स्वतःच मागे घेतली. दोन्हीकडे तो विषय बंद झाला.

इथपर्यंत वाचून लहान ते सुंदर असा निष्कर्ष कोणी काढील, तर त्याच्यापुढे १४ जुलै २०२१ ची रात्र ठेवावी लागेल. ऱ्हाइनलँड-पॅलाटिनेटमधली आर नदी त्या रात्री कल्पनेबाहेर चढली. खोऱ्यात १३० हून अधिक माणसे मेली. आपत्ती जाहीर करून लोकांना हलवण्याचा अधिकार आरवायलर क्राइसाचा, म्हणजे अंतिमतः लांटराटचा. संध्याकाळपासून राज्याच्या पर्यावरण खात्याचे पाण्याचे अंदाज वरखाली होत येत होते. सर्वोच्च पातळीचा इशारा आणि नदीकाठ रिकामा करण्याची सूचना निघाली ती रात्री अकरानंतर. वरच्या अंगाच्या गावांत तोवर घरे वाहून गेली होती. लांटराट त्या रात्री बहुतेक वेळ नियंत्रणकक्षात नव्हता, आणि प्रत्यक्ष सूत्रे एका मानद अधिकाऱ्याच्या हाती होती, हे नंतरच्या चौकशीत पुढे आले. सरकारी वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये फौजदारी तपास थांबवला. वेळेत हालचाल झाली असती तर अमुक माणूस नक्की वाचला असता, हे कायद्याला लागते तसे सिद्ध होत नाही, असे त्यांचे म्हणणे. मृतांच्या नातेवाइकांना ते पटलेले नाही.

मानदपणाची बाजू घेणाऱ्याला, म्हणजे मलाही, हे प्रकरण सहज ओलांडून जाता येत नाही. सभेत मानद सभासद हे लोकशाहीचे बळ. पुराच्या रात्री नियंत्रणकक्षात मानद माणसावर सगळा भार टाकणे ही हयगय. सव्वालाख वस्तीच्या क्राइसाला चोवीस तास जागे राहणारे तज्ज्ञ पदरी ठेवता येत नाहीत, हा मोठेपणाच्या पुरस्कर्त्यांचा मुद्दा इथे खरा आहे. पण त्यावरचा उपाय शेजारचे तीन क्राइस गिळणे हा निघत नाही. राज्याने शेवटी जे केले ते वेगळेच आहे: आग आणि आपत्तीसाठी राज्यस्तरावर स्वतंत्र कार्यालय उभारले. जे काम वर न्यायला हवे ते काम वर नेले, गाव नेले नाही. राज्यघटनेच्या भाषेत हेच सूत्र १९८८ च्या रास्टेडे निकालात सापडते. लोअर साक्सोनीतल्या रास्टेडे गेमाइंडने कचऱ्याचे काम क्राइसाकडे सोपवण्याला आव्हान दिले होते. संघराज्याच्या घटना-न्यायालयाने तिच्या विरुद्ध निकाल दिला, पण जाताजाता तत्त्व सांगितले: स्थानिक काम तत्त्वतः गेमाइंडचे, ते काढून घ्यायचे तर सबळ सार्वजनिक कारण दाखवा, आणि नुसता कारभार सोपा होईल किंवा पैसे वाचतील हे सहसा पुरेसे कारण नाही. कामागणिक विचार करा, असा त्याचा अर्थ. वागेनर यांच्या ग्रंथातला मूळ दोष मला इथे दिसतो. प्रत्येक कामाचा योग्य आकार त्यांनी वेगवेगळा काढला, तो उत्तम काढला, आणि मग सगळ्यांची सरासरी करून एकच सीमा आखायला सांगितली. कचऱ्याचे वर्तुळ, शाळेचे वर्तुळ आणि पुराचे वर्तुळ एकावर एक बसलेच पाहिजे, असे कोणी सांगितले?

सक्तीशिवाय विलीनीकरण होत नाही, असेही नाही. गटिंगन आणि ओस्टरोडे हे लोअर साक्सोनीतले दोन क्राइस १ नोव्हेंबर २०१६ रोजी आपल्या सभांच्या ठरावाने एक झाले. लूथरने जिथल्या किल्ल्यात बसून बायबलचा नवा करार भाषांतरित केला त्या आइझेनाखने १ जुलै २०२१ रोजी आपला क्राइसमुक्त दर्जा सोडून भोवतालच्या वार्टबुर्ग क्राइसात प्रवेश केला. एकट्याने खर्च झेपत नव्हता. वरच्या ४०० या आकड्यात त्याआधी एक जास्त होता तो हाच.

आणि मोटारींच्या पाट्या. जर्मन मोटारीच्या नंबरात पहिली अक्षरे क्राइसाची असतात. १९७० च्या दशकात क्राइस गेले तशी शेकडो गावांची अक्षरेही गेली. हाइलब्रोन उच्चशिक्षण संस्थेतले पर्यटन-अर्थशास्त्राचे प्राध्यापक राल्फ बोखर्ट यांनी २०१० पासून गावोगावच्या लोकांना विचारायला सुरुवात केली, की जुनी अक्षरे परत हवीत का. तीसपस्तीस वर्षे उलटून गेली होती, निम्म्या तरुणांचा जन्मही त्या काळातला नव्हता. तरी बहुसंख्यांनी हो म्हटले. नोव्हेंबर २०१२ मध्ये संघराज्याने नियम सैल केला. नवे क्राइस होते तसेच राहिले, पण रस्त्यांवर जुने क्राइस परत फिरू लागले. वेत्स्लारच्या माणसाला आता पुन्हा ‘डब्ल्यूझेड’ लावता येते. त्यासाठी त्याला थोडेसे शुल्क भरावे लागते, आणि बरेच जण ते भरतात.